वेताळ उडाला की हसायचं का? एका तालुका वाचनालयातलं प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं. वाचनालयाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मालिकेचं नाव मात्र खरं आहे. ते बदललं असतं तर प्रकरणात सांगण्यासारखं फारसं उरलं नसतं.

पार्श्वभूमी

वाचनालय ‘ब’ वर्गाचं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता, वर्गाप्रमाणे अनुदान, खाली देवघेव आणि वर्तमानपत्रांची टेबलं, वर पत्र्याचं छप्पर असलेलं सभागृह. बालविभागात पुस्तकं भरपूर, मुलं कमी. अपवाद मे महिन्याचा. मुंबई-ठाण्याचे चाकरमानी गावी येतात, त्यांची मुलं आंबे-फणस खाऊन, पोहून कंटाळली की दुपारी चारनंतर घरातल्या मोठ्यांना नकोशी होतात. अशी मुलं तासभर वाचनालयाकडे वळवावीत म्हणून कार्यकारिणीने उपक्रम ठरवायला घेतला.

कल्पना अध्यक्षांची. ते निवृत्त मुख्याध्यापक. ‘आमच्या काळच्या मालिका दाखवूया, मुलांना कळू दे,’ असं ते म्हणाले. काय कळू दे, हे वाक्यात नव्हतं आणि पुढचा बराचसा घोळ त्यातूनच झाला.

तीन नावं निघाली. ‘चंद्रकांता’, ‘कॅप्टन व्योम’ आणि रामानंद सागर यांची १९८५ ची ‘विक्रम और बेताल’. ‘चंद्रकांता’ सुरुवातीलाच मागे पडली, कारण ऐयारांची, म्हणजे वेष पालटणाऱ्या हेरांची, सोंगं आणि त्यावरची सोंगं लक्षात ठेवायला मोठ्यांनाच वही लागते. ‘कॅप्टन व्योम’बद्दल तरुण सभासदांना उत्साह होता. १९९८ ची, मिलिंद सोमणची, अंतराळयानांची मालिका. पण तिची गोष्ट भागाभागांतून पुढे सरकते आणि चाकरमान्यांची मुलं दोन-तीन आठवड्यांत परत जातात. ‘विक्रम और बेताल’मध्ये दर भागाला नवी गोष्ट, शेवटी प्रश्न, उत्तर मिळालं की वेताळ पुन्हा झाडावर. शिवाय वाचनालयाच्या कपाटात ‘चांदोबा’चे बांधीव जुने अंक होते. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम गावातल्या साठीच्या माणसांना पाठ होता. निवड योग्य होती असं मला वाटतं, आणि नंतर जे बिघडलं त्याचा दोष निवडीवर जात नाही.

परवानगीचा मुद्दा सचिवांनी काढला, हे त्यांचं श्रेय. ‘फुकट दाखवतो, तिकीट नाही, मग परवानगी कशाला?’ असं बहुतेकांचं म्हणणं होतं. सभासदांपैकी एका वकिलांनी कायदा उघडून दाखवला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना सवलत आहे, पण ती साहित्य, नाट्य किंवा संगीतकृतीच्या विनामूल्य प्रयोगाला. ध्वनिचित्रित मालिका कायद्याच्या भाषेत चित्रपट ठरते, तिला ही सवलत लागू नाही. चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९८५ ची मालिका २०४५ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीची. पत्र गेलं. तिकीट लावायचं नाही आणि चित्रण पुढे कुणाला द्यायचं नाही, या अटींवर लेखी होकार आला. ही दुसरी अट लक्षात ठेवा.

अडचण

पहिला कार्यक्रम दणक्यात करायचा ठरलं. हायस्कूलचा प्रोजेक्टर आणला, भिंतीवर पांढरी चादर ताणली, सगळ्या खुर्च्या मांडल्या आणि एकापाठोपाठ तीन भाग लावले.

शीर्षकगीताला पुढच्या रांगेतले आजी-आजोबा सुखावले. मागे सतरंजीवर बसलेली मुलं गप्प होती. मग वेताळ झाडावरून उडाला. मागून एकच हशा. वेताळाच्या लांब पांढऱ्या केसांभोवती एक थरथरणारी कड दिसत होती, तो हवेतून जात होता आणि मागचं जंगल आपल्या जागी वेगळंच उभं होतं. ‘काका, हा कापून चिकटवलाय!’ असं एक मुलगा ओरडला. निरीक्षण अगदी बरोबर होतं.

पहिल्या भागात मुलं मजेत हसली. दुसऱ्यात उडण्याची वाट बघत कुजबुजत राहिली. तिसऱ्यात मोबाइल निघाले. पुढच्या रांगेत मात्र वातावरण तापत होतं. तिसऱ्या भागात पुन्हा हशा झाला तेव्हा एक आजोबा उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, ‘पोरां रामाक हसतत!’ एका मुलाला दरडावलंही. त्याची आई मुंबईहून आलेली, तिने उलट उत्तर दिलं. कार्यक्रम संपला नाही, बंद पडला.

रामाचा संबंध काय, हे मुलांना समजलंच नाही. विक्रमाचं काम अरुण गोविल यांचं. १९८७ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘रामायण’मध्ये तेच राम झाले. ‘रामायण’च्या वेळी घरोघरी टीव्हीला हार घातलेले या आजोबांनी पाहिलेले. त्यांच्या डोळ्यांपुढे १९८५ चा विक्रम उरलेलाच नव्हता, मुकुट घालून राम उभा होता. तेव्हा मुलं फसलेल्या ट्रिकला हसत होती आणि त्यांना ते देवाला हसल्यासारखं लागत होतं. एकाच खोलीत दोन वेगळ्या मालिका चालू होत्या.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीत दोन तट पडले. एक म्हणे, मुलांना शिस्त लावा. दुसरा म्हणे, मालिकाच बंद करा, काळ बदलला. ग्रंथपाल बाई तेवढ्या वेगळं बोलल्या: ‘पहिल्या भागात मुलं हसली तेव्हा कंटाळली नव्हती. कंटाळली ती नंतर. आपण कशावर उपाय शोधतोय, हसण्यावर की कंटाळ्यावर?’

माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णयक्षण. तोपर्यंत सगळे हसणं हीच अडचण धरून चालले होते.

ट्रिक इतकी उघडी का पडली, याचा खुलासा अभियांत्रिकीला असलेल्या एका सभासद मुलाने केला. तो इथे देतो, कारण पुढचा निर्णय त्यावर उभा आहे. त्या काळी व्हिडिओवर उडणारा माणूस दाखवायचा तर त्याला एकरंगी, बहुधा निळ्या पडद्यासमोर उभं करत आणि यंत्र त्या निळ्या जागी दुसरं चित्र भरत असे. याला क्रोमा की म्हणतात. तेव्हाच्या व्हिडिओत उजेड-अंधाराचा तपशील बरा असे, रंगाचा तपशील त्याहून बराच भरड. यंत्र तर रंगावरूनच कड ठरवणार. अंगरखा, हात, पाय यांची कड कशीबशी जमते, पण मोकळे पांढरे केस म्हणजे या यंत्राची सत्त्वपरीक्षा. एकेका बटेच्या मधून निळं दिसतं, यंत्र कधी बट खातं, कधी निळं ठेवतं आणि कड थरथरते.

हे झालं मुळातलं. त्यात वाचनालयाने आपली भर घातली होती. जुन्या टीव्हीचं चार-तीन प्रमाणाचं (चार रुंद, तीन उंच) चित्र प्रोजेक्टरने ताणून आजच्यासारखं सोळा-नऊ केलं होतं, त्यामुळे विक्रम आडवा वाढला होता. आणि वीस इंची टीव्हीच्या काचेसाठी केलेलं चित्र आठ फुटांच्या चादरीवर ताणलं होतं.

आता आजोबांची बाजू. १९८५ मध्ये या भागात टीव्ही दिसणं हीच मुळात मेहनत होती. डोंगराआडच्या वाडीत एकजण छपरावर अँटेना फिरवी आणि खालून ‘ईलां, ईलां, गेलां’ असा घोष चाले. पडदा लहान, बहुतेक घरांत काळा-पांढरा, त्यावर मुंग्या. त्या मुंग्यांत वेताळाच्या केसांची कड कुणाला दिसणार? आजोबा खोटं बोलत नव्हते. त्यांनी पाहिलेला वेताळ खरोखरच सफाईने उडाला होता. दोष चित्रात होता, पण तो झाकायची सोय घरच्या टीव्हीत होती, आणि वाचनालयाने ती काढून घेतली होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला, बंद करून मुलांचा एखादा नवा ॲनिमेशनपट लावणं. सोपं होतं, पण तो मुलांनी घरी पाहिलेला, आणि त्यासाठी वाचनालयाचा जिना कोण चढणार?

दुसरा पर्याय अध्यक्षांचा. आधी वीस-पंचवीस मिनिटांचं भाषण: तेव्हा साधनं किती कमी होती, तरी लोकांनी किती कष्ट घेतले, म्हणून हसू नये. हेतू चांगला, पण मला हा सगळ्यांत वाईट पर्याय वाटला आणि अजूनही वाटतो. दाखवण्याआधीच माफी मागितली की प्रेक्षकाला एवढंच कळतं की पुढचं वाईट आहे आणि त्याने सौजन्याने बसायचं आहे. सौजन्याने बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाइतका दुःखी प्रेक्षक दुसरा नसेल.

तिसरा पर्याय अभियांत्रिकीवाल्याचा: उडण्याचे, गायब होण्याचे, धूर निघण्याचे तेवढेच तुकडे जोडून चार मिनिटांची फीत करावी आणि सुरुवातीला दाखवून हसून घ्यावं. त्याचा मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. त्याने ‘डॉक्टर हू’ या १९६३ पासूनच्या ब्रिटिश मालिकेचं उदाहरण दिलं. तिच्या १९७५ च्या एका कथेत अंतराळातल्या किड्याची अळी बबल रॅपला हिरवा रंग मारून केली होती. तेव्हा ते प्लास्टिक तिकडच्याही प्रेक्षकांच्या फारसं ओळखीचं नव्हतं, त्यामुळे अळी किळसवाणी वाटली. पुढे घरोघरी पार्सलं येऊ लागली आणि अळीचं पॅकिंग झालं. तिथले चाहते ती अळी आजही हसत-हसत बघतात आणि त्याच दमात ती कथा मालिकेतल्या उत्तम कथांपैकी एक म्हणून सांगतात. म्हणजे हसणं आणि मानणं एकत्र नांदू शकतं.

खरं आहे. पण त्याच्या उपायात मानण्याची अर्धी बाजू गळत होती. चार मिनिटांच्या फितीत नुसती अळी असते, कथा नसते.

चौथा पर्याय ग्रंथपाल बाईंचा, आणि तो त्यांना ‘चांदोबा’वरून सुचला. मासिकात महिन्याला एकच वेताळकथा असे. तर एका संध्याकाळी एकच भाग लावायचा. वेताळाने प्रश्न विचारला की चित्र थांबवायचं, दिवे लावायचे आणि उत्तर मुलांनी द्यायचं. मग विक्रमाचं उत्तर ऐकायचं आणि घरी जायचं.

आठवड्यातून एकदा की दोनदा, यावरही बरीच चर्चा झाली. मालिकेचा मूळ वार रविवार, पण मे महिन्यात रविवार म्हणजे लग्नं. शेवटी मंगळवार आणि शुक्रवार ठरले, म्हणजे तीन आठवड्यांसाठी आलेल्या मुलालाही पाच-सहा गोष्टी मिळतील.

काय केलं

चादर काढली. कार्यालयातला बत्तीस इंची टीव्ही वर नेला आणि चित्र चार-तीन ठेवलं. त्यावर खजिनदारांनी हरकत घेतली की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, अर्धा टीव्ही वाया जातो. पडदा भरायचा तर वरून-खालून कापावं लागतं. त्यांना तसं करून दाखवलं. विक्रमाच्या खांद्यावरून डोकावणारा वेताळ कपाळापासून वर छाटला गेला. पट्टे राहिले.

सतरंज्या टीव्हीजवळ ओढल्या, खुर्च्या मागे नव्हे तर बाजूला लावल्या. त्यामुळे मुलं आणि म्हातारी माणसं एकमेकांचे चेहरे बघू शकत होती. ही मांडणी कुणी विचारपूर्वक केली नव्हती, खांबामुळे झाली. तिचा उपयोग मात्र सगळ्यांत जास्त झाला.

रामाच्या प्रश्नावर थेट बोलायचं टाळून आजोबांनाच काम दिलं. या मालिकेतली बरीच मंडळी पुढे ‘रामायण’मध्ये आली: अरविंद त्रिवेदी रावण झाले, दीपिका चिखलिया सीता, सुनील लहरी लक्ष्मण. तर नवा नट दिसला की ‘हा पुढे कोण झाला?’ हे मोठ्यांनी ओळखायचं आणि मुलांना सांगायचं. आजोबा पुढच्या वेळी आले ते चष्मा पुसून. रावण विक्रमाच्या गोष्टीत भलत्याच वेषात सापडला तेव्हा ते स्वतःच इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

थांबवण्याचं काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. पहिल्या मंगळवारी रिमोट दोन सेकंद उशिरा दाबला गेला, विक्रमाने तोंड उघडलं आणि मुलांनी कपाळावर हात मारले. तेव्हापासून बाई दुपारीच भाग बघून थांबण्याची जागा मिनिट-सेकंदासह चिठ्ठीवर लिहून ठेवू लागल्या.

चर्चेला नियम एकच, आणि तोही गोष्टीतलाच: उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. शाळेत हात वर न करणारी मुलंही या धमकीवर बोलली. शिक्षकी वळणाचे प्रश्न अध्यक्षांकडून अधूनमधून येत, ‘यातून आपण काय शिकलो?’ असे. त्यावर एका मुलीने ‘आजोबा, वेताळाने ते नाही विचारलं,’ असं सांगितल्यावर ते थांबले. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, हेही नोंदवायला हवं.

एका संध्याकाळी लग्नाची गोष्ट निघाली. भाग संपल्यावर बाईंनी तशीच एक जुनी वेताळकथा पुस्तकातून वाचून दाखवली. एका मुलीला तिघे मागणी घालतात, निर्णय होण्याआधीच ती मरते. एकजण तिच्या राखेपाशी स्मशानातच राहतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा भटकत जाऊन संजीवनी मंत्र मिळवतो. मुलगी जिवंत होते. आता ती कुणाची बायको? राजाचं उत्तर असं: जीव देणारा बाप झाला, अस्थी नेणारा मुलगा झाला, राखेपाशी राहिला तो नवरा.

‘तिला कुणी विचारलं का?’ हा प्रश्न आला, येणारच होता. पण ठाण्याचा एक नववीतला मुलगा म्हणाला, ‘राजाचं बरोबर आहे. डॉक्टरने पेशंटशी लग्न करायचं नसतं.’ त्यावर जी जुंपली ती दिवे मालवेपर्यंत.

इथे एक निर्णय झाला आणि तो मला पटतो. ट्रिकला हसणं वेगळं आणि गोष्टीच्या नजरेवर हरकत घेणं वेगळं. बक्षीस म्हणून राजकन्या देणं, तिने खाली मान घालणं, हे ‘साधनं कमी होती’ या सबबीखाली जात नाही. त्याला निळा पडदा जबाबदार नाही. बाईंनी अशा जागा कापल्या नाहीत आणि समर्थनही केलं नाही. मुलांना त्यावर बोलू दिलं.

ट्रिकचं काय? त्यासाठी एक दुपार ठेवली. हिरवी चादर, एक मोबाइल आणि पार्श्वभूमी बदलणारं फुकट ॲप. मुलांनी एकमेकांना झाडावरून उडवलं. मग बाई स्वतः उभ्या राहिल्या आणि त्यांचे दोन्ही हात मनगटापाशी तुटून पंजे हवेत तरंगायला लागले. हातात हिरवा चुडा होता, यंत्राने तो पडदा समजून खाल्ला. मुलं गडबडा लोळली. मग एकीने केस मोकळे सोडून बघितले आणि कड थरथरली. आजच्या मोबाइलवरही थरथरली. पुढच्या शुक्रवारी वेताळ उडाला तेव्हा हशा झालाच, पण त्यात ‘केस बघ, केस बघ’ असं होतं. हसणाऱ्याला आता काम किती कठीण आहे हे ठाऊक होतं.

एका प्रेक्षकाचा उल्लेख करायलाच हवा. गावातले एक दशावतारी नट. आयुष्यभर जत्रांतून राजे केलेले. त्यांना हा सगळा वादच चमत्कारिक वाटला. ‘आमच्या नाटकात राजा बाकड्यार बसलो की तां सिंहासन, तेच्यारच उभो रवलो की तो डोंगर. कोण हसता?’ ते म्हणाले. स्थानिक मुलांना हे लगेच पटलं, त्यांनी देवळापुढे रात्र-रात्र जागून ते बाकडं पाहिलेलं. मुंबईच्या मुलांना जरा वेळ लागला.

त्यांच्या बोलण्यात मालिकेच्या गोडव्याचं कारण सापडतं असं मला वाटतं. ‘विक्रम और बेताल’ची नाळ रंगमंचाशी आहे. भरजरी कपडे, चिकटवलेल्या मिशा, रंगवलेलं जंगल, प्रेक्षकाकडे बघून बोलल्यासारखी वाक्यं. ती खऱ्याचा आव आणत नाही, म्हणून खोटी पडली तरी अपमान होत नाही. संगणकावरची अंतराळयानं खऱ्यासारखी दिसायची महत्त्वाकांक्षा धरतात आणि दहा वर्षांत शिळी होतात. ‘कॅप्टन व्योम’चे चाहते माझ्यावर चिडतील. त्यांनी चिडावं, मिलिंद सोमणसाठी मीही ती बघतो.

काय झालं

उपस्थिती दणक्यात वाढली असं लिहिता येणार नाही. पहिल्या दिवसाची गर्दी परत झाली नाही. पण जी मुलं आली ती पुन्हा आली आणि काही दुपारी लवकर येऊन ‘चांदोबा’चे बांधीव अंक चाळत बसू लागली. वेताळकथांची आणि कथासरित्सागराच्या अनुवादाची देवघेव मे महिन्यात कधी नव्हे एवढी झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात चाकरमानी गेले, पावसाने जोर धरला, रोज संध्याकाळी वीज जाऊ लागली. वरच्या सभागृहात पत्र्यावर पाऊस पडला की वेताळाचं बोलणं काही ऐकू येत नाही. उपक्रम तिथेच थांबला.

सगळे खूश झाले असंही नाही. दुसऱ्या एका ज्येष्ठ सभासदांनी दोन भागांनंतर येणं सोडलं. भांडण नाही, तक्रार नाही. ‘आठवणीत चांगलं होतं ते. आता बघितलं आणि गेलं,’ एवढंच बोलले. याच्यावर वाचनालयाकडे उपाय नव्हता आणि कुणी शोधूही नये. ज्याला जुनं जसंच्या तसं आठवणीत ठेवायचं आहे त्याला बोलावण्याचा आग्रह करणं बरं नाही.

आणि ती चार मिनिटांची फीत. अभियांत्रिकीवाल्याने ती केलीच होती, घरच्या घरी. कुणीतरी वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली आणि संध्याकाळपर्यंत ती कुडाळपासून कुर्ल्यापर्यंत फिरली. चित्रण पुढे द्यायचं नाही ही अट सचिवांना रात्री अकरा वाजता आठवली. गटावरची फीत काढली, सगळ्यांना तसं कळवलं, हक्कधारकांना स्वतःहून पत्र लिहिलं. पुढे काही निघालं नाही. पण गंमत अशी की त्या फितीचं जेवढं कौतुक झालं तेवढं संपूर्ण मे महिन्यातल्या कोणत्याच चर्चेचं झालं नाही. आणि ती पाहून वाचनालयात एकही नवं माणूस आलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या कार्यक्रमाआधी एक भाग त्याच चादरीवर, त्याच प्रोजेक्टरने, दोघा-तिघांनी बसून पाहिला असता तर निम्मं टळलं असतं. आडवा वाढलेला विक्रम पहिल्या मिनिटात कळतो.

आवाजाकडे कुणीच लक्ष दिलं नाही. जुन्या ध्वनिमुद्रणात संवाद आणि पार्श्वसंगीत एकमेकांवर चढतात, टीव्हीच्या मागे तोंड केलेल्या छोट्या स्पीकरमधून ते आणखी गढूळ होतात. लहान मुलांना हिंदी आधीच जड, त्यात हे. साधा बाहेरचा स्पीकर लावला असता आणि सुरुवातीला गोष्टीतल्या माणसांची नावं फळ्यावर लिहिली असती तर धाकटी मुलं चर्चेत आली असती. ती बहुतेक वेळ ऐकत बसली.

परवानगीच्या अटी सचिवांच्या फाइलमध्ये होत्या, सभासदांना माहीत नव्हत्या. त्या दारावर लावायला हव्या होत्या. तरुण सभासदाने चोरून काही केलं नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दशावतारी काकांना शेवटी-शेवटी बोलावलं, तेही ते योगायोगाने पेपर वाचायला आले म्हणून. त्यांना पहिल्याच दिवशी बसवलं असतं तर राम आणि हसणं हा पेच कदाचित त्यांनीच दोन वाक्यांत सोडवला असता. राजाचा मुकुट उतरवून विडी ओढणारा माणूस मुलांनी जवळून बघितला असता. पण इथे मला खात्री नाही: त्या दिवशी आजोबांचा राग खरा होता, आणि रागावलेल्या माणसाला नटाचं ऐकून घ्यावंसं वाटेलच असं नाही.

पहिल्या दिवशी मुलाला दरडावल्यावर त्याच्या आईशी कुणीतरी त्याच संध्याकाळी बोलायला हवं होतं. तसं झालं नाही. तो मुलगा, कापून चिकटवल्याचं ज्याने सगळ्यांत आधी ओळखलं तोच, पुन्हा आला नाही. हिरव्या चादरीच्या दुपारी त्याचा सगळ्यांत जास्त उपयोग झाला असता.

येत्या मे महिन्यासाठी एका सभासदाच्या माळ्यावरचा जुना काचेचा टीव्ही खाली उतरवला आहे. दुरुस्तीवाल्याने नळी शाबूत असल्याचं सांगितलं, फक्त आजच्या यंत्राची जोडणी त्याला चालण्यासाठी मधे एक कन्व्हर्टर लागेल. अध्यक्ष अजून ‘चंद्रकांता’चा आग्रह धरून आहेत, ग्रंथपाल बाई अजून नाही म्हणतात. परवानगीचं पत्र सचिवांनी या वेळी जानेवारीतच पाठवलं आणि मालिकेचं नाव ठरलं नसल्यामुळे दोन्हींसाठी पाठवलं.